गॅलरीतली वायर

शेजारच्या शिंदेकाकूंच्या गॅलरीतून आमच्या घरात सकाळपासून एक काळी वायर आली आहे. आमचा मीटर बिघडलाय. "सर, फ्रीज तेवढा लावून घ्या, दूध नासेल," काकू म्हणाल्या.

मी कॉलेजात शिकवतो. नेपाळच्या नद्यांवरची वीज आपल्या तारांमधून बांगलादेशात जाते, शेजारी देशांनी वीज आणि गॅस असाच वाटून घ्यावा, हे मुलांना फार रंगवून सांगतो. अडचण तारांची नसते, मनाची असते, असंही म्हणतो.

गेल्या आठवड्यात काकूंनी आमचा जादा सिलिंडर मागितला होता. "रिकामा आहे," मी दारातूनच सांगितलं. तो भरलेला होता.

वायरीमुळे गॅलरीचं दार आता लागत नाही. काकूंना आतलं सगळं दिसतं. मी सिलिंडरवर चादर टाकून ठेवली आहे.