डोळे न काढलेली बाहुली

आधीच सांगते, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यातली नाही. आमच्या विक्रोळीच्या चाळीत कुणाच्या अंगात आलं की मी तोंडावर हसायचे. पण हे माझ्या सख्ख्या बहिणीच्या बाबतीत घडलंय... तुम्हाला हसायचं तर खुशाल हसा.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. स्टोव्हच्या भडक्यात सून गेली, अशा बातम्या पेपरात सारख्या यायच्या. वाचून डोकं फिरायचं. मी आणि माझा भाऊ सुधीर, आम्ही ठरवलं की यावर फिल्म करायची आणि चाळीतल्या महिला मंडळाला दाखवायची. त्याच्या मित्राने दुबईहून छोटा सुपर-एट फिल्म कॅमेरा आणि प्रोजेक्टर आणला होता. पुठ्ठ्याचं स्वयंपाकघर, आत तार घातलेल्या ओल्या शाडूच्या बाहुल्या. बाहुलीचा हात जरासा हलवायचा, एक फ्रेम घ्यायची, परत जरासा हलवायचा, परत फ्रेम... कंबरडं मोडलं, पण मजा यायची.

बाबा सीझनला गणपती करायचे. सुनेची बाहुली त्यांनी झकास करून दिली, पण डोळे काढायला साफ नकार.

"जिला जाळणार, तिची आखणी मी करणार नाही. डोळे काढले की मूर्ती बघायला लागते."

"अहो बाबा, खेळ आहे नुसता!" सुधीर वैतागला. पण बाबा ऐकतात होय! शेवटी बिनडोळ्यांचीच घेतली.

त्याच सुमारास नंदाताई माहेरी आली होती. तिला मुलुंडला दिलेली. नवऱ्याला आमच्याकडून स्कूटर हवी होती आणि ताई वाळत चालली होती. आई म्हणायची, "जरा सोस गो, होईल सगळं नीट." मला संताप यायचा. ताईने आपल्या जुन्या साडीचा तुकडा फाडून बाहुलीला नेसवला आणि परत सासरी गेली.

शेवटच्या सीनला आम्ही रॉकेल टाकून साडीसकट बाहुली जाळली. रीळ धुऊन आलं तेव्हा रविवारी दुपारी खिडक्यांना चादरी लावून घरच्या घरी बघायला बसलो. मी, सुधीर, आई, बाबा.

अर्ध्यापर्यंत सगळं ठीक. मग स्टोव्हपाशी बसलेली बाहुली उठली. आम्ही तिला उठवलंच नव्हतं... ती आमच्याकडे वळली, आणि तिला डोळे होते. काळे, भेदरलेले. झटक्या-झटक्याने ती दारापाशी गेली आणि आतून कडी सरकवली. आमच्या पुठ्ठ्याच्या दाराला कडीच नव्हती!

"आयला... हे मी घेतलेलं नाय," सुधीर पुटपुटला.

आई किंचाळली, "अगो, ह्यां आपलां नंदा!"

बाबा उठले, एवढंच म्हणाले, "चला."

मुलुंडला ताईच्या घरात शिरलो तर रॉकेलचा भपकारा. तिची सासू आणि नवरा स्वयंपाकघराच्या दारावर धक्के मारत होते. बाबांना बघताच त्याने हात मागे नेला. हातात काडेपेटी होती.

"ताई, मी आलेय गं! उघड!"

कडी करकरत सरकली. ताई उभी होती, साडी रॉकेलने निथळत होती. सासूने ओतलं, नवरा काडेपेटी आणायला वळला, तेवढ्यात तिने कडी घातली होती. ती कडी गंजून बसलेली. दिवाळीला मी स्वतः जोर लावून बघितला होता, तसूभर हलली नव्हती.

ताईला आम्ही कायमची घरी आणली. रीळ परत लावलं. आम्ही घेतलं होतं तसंच सगळं... डोळे नाहीत, कडी नाही, बाहुली मुकाट जळते. सुधीर म्हणतो, मनाचे खेळ. चौघांच्या मनाने एकच खेळ केला का रे?

आणि एक. मुलुंडहून येताना रिक्षात ताई मनगट चोळत होती. फिल्मबद्दल तिला अजून कुणी अवाक्षरही सांगितलं नव्हतं.

"भीतीने हात उचलतच नव्हता गं," ती म्हणाली. "मग कुणीतरी मनगट धरलं. जरासा वर नेला, थांबलं. परत जरासा, परत थांबलं. असं करत करत कडीपर्यंत नेला... आणि तो हात गार होता. ओल्या शाडूसारखा."