पत्र्याखालच्या पाण्याच्या पेट्या

माझी धाकटी जाऊ रिसालीत स्वतःच्या बंगल्यात राहते आणि आम्ही कंपनीच्या वसाहतीत, सेक्टर दोनच्या क्वार्टरमध्ये. तिच्या मुलीचा साखरपुडा मे महिन्यात, घरीच करायचं ठरलं. आठवडाभर आधी मी, सासूबाई आणि माझी मुलगी मदतीला गेलो, तर गच्चीवर पत्र्याच्या शेडखाली पाण्याच्या बाटल्यांच्या पेट्या छातीएवढ्या रचलेल्या.

"या वेळी प्रत्येक पाहुण्याच्या हातात सीलबंद बाटली," जाऊ म्हणाली.

माझ्या मुलीच्या साखरपुड्यात आम्ही पाण्याचे कॅम्पर, म्हणजे गार पाण्याचे मोठे जार, आणि स्टीलचे ग्लास ठेवले होते. सासूबाई तेव्हा काही बोलल्या नव्हत्या. आता पेट्यांवरून हात फिरवत म्हणाल्या, "लहानीले हौस आहे बापा!" मला ते फार लागलं.

पत्र्याखाली उभं राहवत नव्हतं. पेटीतली बाटली हाताला गरम लागली. माझी मुलगी शाळेत केमिस्ट्री शिकवते. ती म्हणाली, "काकू, या पेट्या खाली सावलीत ठेवा. प्लास्टिक तापलं की त्यातलं थोडंथोडं पाण्यात उतरते. लगेच कोणी आजारी पडत नाही, पण चव बिघडते."

"अवं, सीलबंद पाणी आहे, त्याले काय होते?" जाऊ हसली. खालच्या खोल्या सामानानं भरल्या होत्या. पेट्या तिथंच राहिल्या.

साखरपुड्याच्या दिवशी बाटल्या बर्फाच्या टबात ठेवून गार केल्या. मुलाकडच्या आजोबांनी एक घोट घेतला आणि बाटली खुर्चीखाली ठेवून दिली. मग शेजारच्यानंही तेच केलं. सासूबाईंनी तोंड वाकडं केलं, "याले कायचा वास येऊन राहिला वं? नव्या बादलीसारखा."

खोटं कशाला बोलू, मला आतून गार वाटलं.

जाऊ स्वयंपाकघरात आली, चेहरा उतरलेला. "ताई, आता काय करू?"

"फिल्टरचं पाणी देऊ. ग्लास कुठे आहेत?"

मी माळ्यावरचे ग्लास काढून विसळले, मुलीनं भरले. जाऊनं ट्रे उचलला आणि डोक्यावर पदर घेऊन बाहेर गेली. मुलाची आई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "पाहा, विहीणबाई स्वतः पाणी देऊन राहिल्या. मुलगी अशाच घरची पाहिजे!" मी दाराआड ओल्या हातांनी ऐकत होते.

परतताना ऑटोत सासूबाई म्हणाल्या, "लहानीनं कसं निभावून नेलं, नाही?"

"आजी, ग्लास तर आईनं..."

"तू गप," मी मुलीला म्हटलं. मागून घेतलेलं कौतुक मला नको होतं.

दुसऱ्या दिवशी जाऊचा फोन आला. "ताई, उरलेल्या पेट्यांचं काय करू?"

"पिऊ नका. झाडांना घाल."

"काल तुम्ही होत्या म्हणून झालं, ताई."

ती मनापासून बोलत होती. पण हे तिनं काल हॉलमध्ये, सगळ्यांसमोर का नाही म्हटलं, एवढंच माझ्या मनात आलं.

"कोनाचा फोन?" सासूबाईंनी विचारलं.

"लहानीचा. पेट्यांचं काय करू, विचारत होती."

"मोठीले विचारल्याशिवाय काही करत नाही," त्या कौतुकानं म्हणाल्या. "गुणाची आहे पोरगी."