आधी कालवण

जुळ्यांच्या आईला इथे युगांडात, आमच्या मसाका गावात, नालोंगो म्हणतात. हिचं खरं नाव नाकिमेरा, पण ते तिच्या आत्याखेरीज कुणी घेत नाही. वीस वर्षं ती गोमेसी शिवते आहे, म्हणजे उभ्या खांद्यांचे, कमरेला पट्टा बांधायचे लांब झगे. तिच्या शेजारच्या गाळ्यात मी दोरे-बटणं विकते; मी हिंदू, अंडं-मांस न खाणारी.

वजन एकशे तीस किलोवर गेलं, साखर वाढली, तरी वजन उतरवायच्या ऑपरेशनला ती तयार झाली ती गुडघ्यांपायी. थोरांपुढे गुडघे टेकून बोलायचं ही इथली रीत. आत्यापुढे टेकली की तिला उठवायला दोघं लागायची. "जरा हळू," ती म्हणायची, "सिमेंटचं पोतं आहे, फुटेल."

कंपालाच्या डॉक्टरांनी तिचं पोट कापून केळ्याएवढं ठेवलं. आहार सांगणाऱ्या बाईंनी बजावलं, रोज साठ ग्रॅम प्रोटीन पोटात गेलं पाहिजे. चार घास जात असतील, तर पहिले तीन त्याचे, केळी शेवटी.

घोटाळा इथेच झाला. आमच्याकडे जेवण म्हणजे मटोके, पानात वाफवून मऊ केलेली हिरवी केळी. बाकी सगळं कालवण, तोंडी लावायला. नुसतं कालवण खाल्लं तर माणूस उपाशी राहिलं म्हणतात. नालोंगो प्रार्थना करून बसायची, चार घास मटोके खायची आणि पोट भरायचं.

तीन महिन्यांत केस मुठीने गळायला लागले. हात कापायचे. "सुई तूच ओव गं," म्हणून ती माझ्याकडे यायची. रक्त तपासल्यावर डॉक्टर म्हणाले, तीन आठवड्यांत प्रोटीन वाढलं नाही तर दवाखान्यात ठेवून नळीने भरवावं लागेल. मग तिने मटोके मागे सारले. पण घेवड्याने पोट फुगलं, दुधाने कळा आल्या, सुक्या मासळीच्या वासानेच उलटी, मटण घशाखाली उतरेना. उरलं अंडं आणि कोंबडी.

तिला वाढवली आत्याने, आणि आत्याच्या वळणात बायका अंडं-कोंबडी खात नसत. हल्लीच्या मुली खातात. हिच्याच मुली रस्त्यावर अंडा-चपाती खातात. पण हिने चाळीस वर्षं नवऱ्याला कोंबडी रांधून वाढली आणि रश्शाची पळीसुद्धा कधी चाटली नाही.

"आत्यासमोर खाऊ कशी? आणि तिच्यामागे खाल्लं तर ती चोरी."

गल्लीत कुजबुज सुरू झाली होती. आमच्या भागात बाई अशी वाळली की लोकांना पूर्वीचा तो आजार, एड्स, आठवतो, ज्याला नावच 'बारीक' पडलं होतं. आत्याचे दोन्ही मुलगे त्यातच गेले.

एका रविवारी चर्चहून आल्यावर नालोंगोच्या नवऱ्याने स्वतः चार अंडी उकडली. माणूस जन्मात पहिल्यांदा चुलीपुढे बसला, दोन फुटली. अंडी ताटलीत घेऊन तो बाहेर आला, तर अंगणात चटईवर आत्या येऊन बसलेली. वय चौऱ्याऐंशी. मीही तिथेच होते.

"ते कुणाला?" आत्याने विचारलं.

तो खाली बघत म्हणाला, "डॉक्टरने हिला सांगितलंय."

नालोंगोने घाईने माझ्याकडे बोट केलं. "ही पण खात नाही, आत्या. तरी धडधाकट आहे ना?"

"तिला तिच्या देवाने सांगितलंय. तुला मी सांगितलं होतं." आत्याने हात पुढे केला. "इकडे आण."

तिने अंडं सोललं. बोटं वाकडी, वेळ लागला.

"माझी दोन पोरं माझ्यादेखत काठ्या झाली," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणाला, आता देण्यासारखं काही नाही. तुझा डॉक्टर अंडं दे म्हणतोय, आणि 'नको' कुणाचं आड येतंय? माझं. मी सांगितलेलं मी परत घेते, नाकिमेरा."

मग तिने स्वतःच आधी चावा घेतला. दात नाहीत, हिरड्यांनीच बराच वेळ चघळलं.

"चव तर काहीच नाही. एवढ्यासाठी बाप्यांनी आम्हाला लांब ठेवलं होय?"

"मीठ लावतात, आत्या," नवरा हळूच म्हणाला.

"मग आण की. उभा काय राहिलास?"

उरलेलं तिने नालोंगोच्या ओठांशी धरलं. नालोंगोने डोळे मिटले, क्रूसाची खूण केली आणि तोंड उघडलं. अर्धं अंडं खायला तिला वीस मिनिटं लागली. आत्या तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, लहान मुलाला भरवताना फिरवतात तसा.

तीन आठवड्यांनी रक्त तपासलं. प्रोटीन थोडं वाढलं होतं. डॉक्टर म्हणाले, घरीच राहा, असंच चालू द्या.

ती बातमी सांगायला नालोंगो आत्याकडे गेली. दारात गुडघे टेकले, सांगितलं आणि जमिनीला हात न लावता उठली. मी मनात देवाला हात जोडले. आत्याने पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

"उठलीस कशाला? बस. अंडं उकडलंय," ती म्हणाली. "आज मीठही आहे."