पुस्तकात नसलेली भाकर

वर्ध्याजवळच्या आंजीत दुपारी विजेची लाइन गेली की नलूबाईंच्या चक्कीचा पट्टा फटफट करत मंदावायचा आणि थांबायचा. दोन हजार पाच-सहाची ती वर्षं. गेलेली लाइन कधी येईल हे कुणीच सांगू शकत नसे. डबा ठेवून घरी जावं तर नंबर जातो, म्हणून दळणाला आलेली माणसं तिथंच पोत्यांवर, उंबऱ्यावर बसून राहायची.

नलूबाई अशा वेळी वाचत बसत. शाळेत त्या हुशार होत्या. दहावीनंतर वर्ध्याला राहून मास्तरीण व्हायचं त्यांच्या मनात होतं. पण पोरीला होस्टेलात ठेवायला वडील तयार झाले नाहीत आणि त्याच उन्हाळ्यात लग्न लागलं. नवरा प्रभाकरराव शेती बघत, चक्की सासऱ्यांची. सासरे थकल्यावर ती नलूबाईंच्या हातात आली. शिकायचं राहिलं त्याचं दुःख त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. वाचायची सवय मात्र गेली नाही.

मुलगी मोहिनी वर्ध्याला कॉलेजात होती. तिनं पुस्तकांच्या प्रदर्शनातून एक जाडजूड कादंबरी आणून आईला दिली. कादंबरीत एका गावाच्या सावल्या चोरीला जातात. डोंगरापलीकडचा राजा त्या नेतो. सावल्या गेल्यापासून गावातल्या माणसांना झोप लागत नाही. मग निमिष नावाचा तेरा-चौदा वर्षांचा मुलगा एका पहाटे कुणालाही न सांगता त्या आणायला निघतो.

एक दिवस जयवंताबाई ज्वारीचा डबा घेऊन बसल्या होत्या. सत्तरीच्या, कानानं तेज. त्या म्हणाल्या, “एवढं काय वाचून राह्यली व? मोठ्यानं वाच न, आमीबी आयकतो.”

नलूबाईंनी पहिल्या पानापासून मोठ्यानं वाचायला घेतलं. दुसऱ्या दिवशी बसणाऱ्यांत दोन माणसं जास्त होती. आठवड्याभरात अशी माणसंही येऊ लागली ज्यांच्याजवळ दळण नव्हतंच.

ऐकणारे गप्प बसणारे नव्हते. रूपराव म्हणून एक म्हातारे शेतकरी होते. त्यांना निमिषचं काहीच पटत नसे. “एवढ्या डोंगरात रस्ता कसा सापडते त्याले? मी बैल हुडकाले गेलतो तं आपल्याच शिवारात चुकलो.” जयवंताबाईंची काळजी वेगळी होती. “रस्त्यानं खाल्लं काय त्यानं? अन् मायले सांगतलंबी नाई. असा कसा गेला?”

किराणा दुकानवाले हिरालाल दुपारी गिऱ्हाईक नसलं की येऊन उभे राहत. ते फार बोलत नसत. एकदा म्हणाले, “मले एक सांगा. सावल्या तं सगळ्याइच्या गेल्या. गावात एवढे मोठे माणसं होते. मंग पोट्टं काऊन गेलं?”

“तो आपल्या मनानं गेला,” नलूबाई म्हणाल्या.

“गेला न. पण एकही संगं नाई गेला.”

रूपराव तंबाखू मळत राहिले.

नलूबाईंना तो मुलगा मनापासून आवडत होता. विचारत बसला असता तर निघालाच नसता, असं त्यांना वाटे. घरी सांगितलं की काय होतं ते त्यांना ठाऊक होतं. पण ऐकणाऱ्यांचे चेहरे समोर असले की वाचणाऱ्याची जीभ थोडी वळते. जंगलातल्या मुक्कामाचं पान आलं, तेव्हा त्यांनी निमिषच्या पिशवीतून एक भाकर आणि मिरचीचा ठेचा काढला. पुस्तकात तसं काही नव्हतं. जयवंताबाईंच्या कपाळावरची आठी गेली. मग पुढच्या मुक्कामालाही भाकर निघाली. रूपरावांसाठी एक गुराखी भेटला आणि त्यानं रस्ता सांगितला.

कादंबरी अर्धी झाल्यावर पोळ्याला माहेरी गेलेल्या बायका परतल्या आणि म्हणाल्या, आम्ही नव्हतो, पहिल्यापासून वाचा. नलूबाईंनी पुन्हा सुरुवात केली. या वेळी निमिष घरातून निघताना आईजवळ गेला. तिला हलवून उठवलं आणि म्हणाला, “माय, मी जाऊन राह्यलो.”

“मंग माय काय म्हणली?” जयवंताबाईंनी विचारलं.

नलूबाईंनी पुस्तक मिटलं. “ते उद्या,” म्हणाल्या.

मोहिनी त्या दिवशी अचानक घरी आली होती आणि दारामागच्या पोत्यावर बसून हे ऐकत होती. लोकांसमोर ती काही बोलली नाही. संध्याकाळी आई भाकरी थापायला बसली, तेव्हा शेजारी येऊन म्हणाली, “आई, पुस्तकात तो मायले सांगत नाई. झोपलेलीच सोडून जाते.”

“माईत आहे मले.”

“मंग?”

“जयवंताबाईच्या जिवाले लागून राह्यलं होतं ते.”

मोहिनीनं चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाली, “मले पुण्याले नोकरी लागली. कंपनीत, कॉम्प्युटरवर. पुढच्या महिन्यात जा लागते. कॉलेजातली सपनाबी संगं येऊन राह्यली. तुमाले सांगू का नको, तेच समजत नवतं.”

नलूबाईंच्या हातातली भाकर थापता थापता फाटली. इतके दिवस त्या निमिषच्या बाजूनं होत्या. चक्कीवर त्याची बाजू घेऊन बोलल्या होत्या. आता पहिला विचार मनात आला तो जयवंताबाईंसारखाच होता. खाईल काय ही तिथं? आणि त्यांना वाटलं, हिनं आधीच नाही सांगितलं. मग वाटलं, सांगितलं तर खरं.

त्यांनी पीठ पुन्हा गोळा केलं. “तुझ्या बाबाले तू सांग,” त्या म्हणाल्या. “मी नाई सांगणार. पण मी तथीच बसून राहीन.”

जेवताना मोहिनीनं वडिलांना सांगितलं. प्रभाकररावांनी ताट अर्धं ठेवलं आणि उठून अंगणात गेले. दोन-तीन दिवस घरात त्यांचा आवाज नव्हता. नलूबाई मध्ये पडल्या नाहीत, फक्त रोज मोहिनीच्या बाजूला बसून जेवल्या. शेवटी एका सकाळी प्रभाकरराव जोडा घालता घालता म्हणाले, “राहाशीन कुठी?”

“सपनाच्या मावशीकडं, खोली भेटेपर्यंत.”

“कोण पाहून आलं ते घर?”

कुणी पाहिलेलं नव्हतं. नलूबाई म्हणाल्या, “मी जातो तिच्या संगं. पाहून येतो.” प्रभाकररावांनी त्यांच्याकडे नवलानं पाहिलं. नलूबाई तोवर नागपूरपेक्षा लांब कुठं गेल्या नव्हत्या. चक्की आठ दिवस बंद राहील, हेही नलूबाईंना माहीत होतं.

निघायच्या आधी त्या एक दुपार वाचायला बसल्या. पुस्तक उघडायच्या आधीच सांगून टाकलं, “मायले उठवलं ते पुस्तकात नाई. मी घातलं. भाकरबी मीच घातली.”

हिरालाल हसले. “आमाले माईतच होतं. पुस्तकातलं पोट्टं आपल्यासारखं थोडीच बोलते?”

जयवंताबाईंना त्याचं काही नव्हतं. “असू दे. पण माय काय म्हणली ते तं सांग.”

“मायनं त्याची पिशवी भरली,” नलूबाई म्हणाल्या. “अन् गावच्या फाट्यापर्यंत त्याच्या संगं गेली. लेखकानं लिहिलं नाई.”

“तिनं रोकाले पाह्यजे होतं,” रूपराव म्हणाले. बाकीचे त्यांच्याशी भांडू लागले आणि नलूबाईंनी पान उलटलं.

पुण्याचं घर स्वच्छ होतं, मावशी बोलायला जरा तुटक होत्या. नलूबाईंनी मोहिनीचं ऑफिस बाहेरून पाहिलं, बस कुठून मिळते ते पाहिलं आणि एकट्या गाडीत बसून परत आल्या. वाटेत त्यांना रडू आलं. समोरच्या बाईनं विचारलं, तर म्हणाल्या, मुलीला नोकरी लागली.

थंडीच्या शेवटी कादंबरी संपली. निमिष सावल्या घेऊन परत येतो, पण तोवर तो मोठा झालेला असतो आणि गावात त्याला कुणी ओळखत नाही. बायकांना हा शेवट मुळीच आवडला नाही. हिरालाल म्हणाले, बरोबर आहे, असंच होते. नलूबाईंचं मत मोहिनीनं फोनवर विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, “अजून ठरलं नाई. एकदा मनातल्या मनात वाचून पाह्यतो.”

पण पुस्तक त्यांना लगेच मिळालं नाही. रूपरावांनी ते मागून नेलं, मधली पानं ऐकायची राहिली म्हणून. होळी होऊन गेल्यावर आणून दिलं.

“कसं वाटलं?” नलूबाईंनी विचारलं.

“लय लांबवलं आहे,” ते म्हणाले. “असलं आणखी आहे का तुमच्याजवळ?”