आकृतीवरून

मलकापूरच्या शाळेत आम्हाला भूमिती शिकवणाऱ्या सरांनी एका अवघड प्रमेयाची स्वतःची सिद्धता शोधली होती. अगदी छोटी, सुटसुटीत. मोठमोठ्या प्राध्यापकांना त्यांनी ती पाठवली. कागद जसेच्या तसे परत आले. पाकिटावरचं आडनाव वाचूनच बाजूला ठेवत असतील, असं सर म्हणत. ते काही खोटं नव्हतं.

मी तेव्हा मुंबईत कॉम्प्युटरवर काम करायचो. सिद्धतेची एकेक पायरी कार्डांवर पंच करून द्यायची, आणि ती आधीच्या पायऱ्यांवरून निघते की नाही हे यंत्रानं तपासायचं, असा प्रोग्रॅम मी लिहिला होता. सुट्टीत हे सांगितलं, तर सर खाटेवर ताडकन उठून बसले.

"त्याले गाव समजते का बे?"

"नाही सर."

"आडनाव?"

"काहीच नाही."

"मंग त्यालेच दाखव."

मेलं ते यंत्र! मधल्याच पायरीवर अडून बसलं. तिथं कारण दिलं होतं, 'आकृतीवरून'. आमच्या शाळेची रीतच ती. सर फळ्यावर असा देखणा त्रिकोण काढत की दोन रेषा आतच छेदणार याची कुणाला शंकाच येऊ नये. मग कंसात 'आकृतीवरून' लिहायचं आणि पुढं जायचं. पूर्ण गुण. यंत्राला कुठली आकृती दिसायला? मी त्याला मनसोक्त शिव्या घातल्या. त्या पायरीला दुसरं कारण सापडेना म्हणून डोकं फोडून घेतलं. शेवटी मीच एक वेडावाकडा, लांबट त्रिकोण काढून पाहिला. छेदनबिंदू बाहेर पडला. संपलं सगळं! पुढची अख्खी सिद्धता तो बिंदू आत असण्यावर उभी होती.

दिवाळीत मलकापूरला उतरलो, तेव्हा स्टेशनातूनच परत फिरावंसं वाटलं. सर ओट्यावर वाट पाहत बसले होते. यंत्रानं छापलेला कागद पुढं केला, माझा त्रिकोण काढून दाखवला. सर त्या बिंदूकडे बघत राहिले. आता चिडतील, मला झापतील, असं वाटलं. देवा, झापावंच त्यांनी, असं वाटत होतं.

"त्यानं नाव नाही ना इचारलं?"

"नाही सर."

"मंग चुकलंच असन," सर म्हणाले.

यंत्रानं नाव विचारलं असतं, आडनाव वाचून कागद फेकला असता, तर फार बरं झालं असतं. सरांना रागवायला कुणीतरी उरलं असतं.