आत्याचे टिकलीवाले

मिठबावच्या आमच्या आत्याला ताटात मासा नसला की घास उतरत नसे. पण तिच्या विहिरीतल्या माशांना कुणी बोट लावलेलं तिला खपत नसे. करंगळीएवढे ते मासे, डोक्यावर चांदीसारखा चमकणारा ठिपका, म्हणून ती त्यांना टिकलीवाले म्हणायची. दिसायला गरीब, पण पक्के शिकारी. पाण्यावर मुंगी पडायचा अवकाश, गट्ट! आत्या काठावर बसून मुंग्या टाकायची आणि नातवंडांचं करावं तसं त्यांचं कौतुक करायची.

एकदा आरोग्य खात्याचा माणूस डासांच्या अळ्या खाणारे मासे घेऊन आला. आत्या नको नको म्हणत असताना त्याने पिशवी विहिरीत ओतलीच. दुसऱ्या दिवशी येऊन बघतो तर त्याचे इवलेसे मासे गायब.

"माझ्या पोरांनी तुझे पावणे खाल्ले रे," आत्या म्हणाली. "पुढच्या टायमाक वायच मोठे घेवन ये."

घरातली मुलगी सासरी निघाली की आत्या तिच्यासोबत कळशीत टिकलीवाले द्यायची, तोंडाला फडका बांधून. मलाही दिले. "फडको सोडू नको गो, उडी मारतत!" सासरी फोंडाघाटला जाताना गाडीत मला राहवेना, म्हणून फडका सैल करून मी आत डोकावले. एकाने थेट नवऱ्याच्या नव्या कोटावर उडी घेतली. बिचाऱ्याने त्याला ओंजळीत धरून अलगद कळशीत सोडलं. माणूस बरा आहे, हे मला तिथेच कळलं.

पुढे आत्या थकली, खाटेला खिळली. तिच्या मुलाने पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या आणि विहीर स्वच्छ हवी म्हणून तिला न विचारताच भरमसाट जंतुनाशक पावडर ओतली. एकही टिकलीवाला वाचला नाही. मग पाणी उपसलं, नवं पाणी आलं. पण आत्याने जेवण सोडलं. ताटातला बांगडाही परत यायला लागला, तेव्हा घाबरून त्याने मला फोन केला.

मी आमच्या विहिरीतले टिकलीवाले कळशीत धरले. फडका या वेळी नवऱ्याने बांधला. मिठबावला पोचल्यावर आत्याला खुर्चीत बसवून विहिरीपाशी आणलं. मी मासे सोडले, तिच्या मुलाने मुंगी टाकली. गट्ट!

"इली गो माझी पोरां माहेराक," म्हणत आत्या रडायलाच लागली. मग डोळे पुसून मुलाला म्हणाली, "बघतंस काय? बांगडो भाज!"

त्यानंतर थोड्याच दिवसांत ती गेली. तिची फार आठवण येते.

सध्या आम्ही लेकीसाठी स्थळं बघतोय. मालवणचा एक मुलगा घरात सगळ्यांना पसंत आहे, लेकीलाही. मी मात्र अजून होकार दिलेला नाही. आधी त्यांची विहीर बघून यायची आहे.