रिकामं करून आणा

निवडणूक जाहीर झाली की परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. आण्णा, म्हणजे माझे वडील, रिहे गावातल्या एका फार्महाऊसवर गनमॅन आहेत. कमरेला जुनं, स्वस्तातलं बावीस बोअरचं रिव्हॉल्व्हर आहे म्हणून गनमॅन. ते गेलं तर मालकाला नुसते वॉचमन पुष्कळ मिळतात.

जमा करण्याच्या शेवटच्या दिवशी आम्ही दोघं ठाण्यात गेलो. अंमलदारांनी रिव्हॉल्व्हर चामडी पाकिटातून अर्धवट बाहेर काढलं आणि परत आत सरकवलं.

"भरल्यालं हाय. रिकामं करून आणा. चारपर्यंत. न्हाईतर परवाना रद्द करा म्हणून वर कळवणार."

बाहेर आल्यावर आण्णा मला म्हणाले, "तुला जमतंय का बघ. कॉलेजला जातीस."

आमच्या घरातून कॉलेजला गेलेली मी पहिलीच. त्यामुळे गॅसचा रेग्युलेटर, वाढून आलेलं वीजबिल, बंद पडलेला मोबाईल, सगळं माझ्यापुढे येतं. मी कॉमर्सला आहे, हे कुणी लक्षात घेत नाही. मला येत नाही, असं मलाही वेळेवर म्हणता येत नाही.

"तुम्ही कधीच रिकामं केलं नाही?" मी विचारलं.

"बंदुकीचा दुकानदार करायचा. मागच्या निवडणुकीला त्यानंच ठेवून घेतलं, त्यानंच भरून दिलं. आता दुकान बंद झालं, त्याला मी काय करू?"

आमच्या गावी, भऱ्याला, घरी आलो. घरामागच्या भातखाचरात, नळी बांधाच्या मातीकडे करून बसलो. मोबाईलवर व्हिडिओ लावले. त्यांत बटण दाबलं की गोळ्यांचं गोल चक्र बाजूला बाहेर यायचं. आमचं येईना. बऱ्याच शोधानंतर आमच्यासारखं एक सापडलं. नळीखाली एक लोखंडी पिन असते. खटका दाबून ती ओढायची, की अख्खं चक्र हातात येतं. मग त्याच पिनेनं एकेक गोळी पुढून मागं ढकलायची. इतकं सोपं होतं. पण पिन जागची हलेना.

मी नखानं खरवडलं, तर लालपिवळं काहीतरी निघालं. वास घेतला. खोबरेल आणि हळद-कुंकू.

दर खंडेनवमीला आई विळा, कोयता आणि ते रिव्हॉल्व्हर पाटावर मांडते. तेलाचा हात फिरवते आणि कुंकू वाहते. वर्षानुवर्षांचं ते सगळं पिनेभोवती सुकून डिंकासारखं झालं होतं.

"पूजा पण करायची न्हाई का आता?" आई मागच्या दारातून म्हणाली.

"कर की. पण भोकात कशाला भरतीस कुंकू?" आण्णा म्हणाले.

"मला काय म्हाईत त्याचं भोक कुटं आन् तोंड कुटं. तुमी तरी कधी उघडून बघितलं?"

आण्णांनी हातोडी आणली. मी त्यांचं मनगट धरलं. या बारक्या गोळ्यांत पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेलाच असतो. कडेला मार बसला तर गोळी उडू शकते, हे मी नुकतंच वाचलं होतं.

"मग काय फुंकर मारू?"

"थांबा जरा."

"चार वाजायचे थांबत्यात व्हय?"

मला रडायला येत होतं. रडण्याइतका वेळ नव्हता. आईच्या शिलाई मशीनचं तेल थेंबथेंब सोडत जुन्या टूथब्रशनं घासत बसले. आण्णा माझ्या डोक्याशी उभे राहून सारखे "निघालं का?" विचारत होते. आईनं त्यांना आत बोलावलं, तरी गेले नाहीत. शेवटी पिन करकरत सरकली. हिरव्या पडलेल्या गोळ्या मी एकेक करून ताटलीत पाडल्या. पिन अशी चिकटलेली, तर चक्रही फिरत नव्हतं. म्हणजे इतकी वर्षं फार्महाऊसच्या गेटवर आण्णा जे लावून उभे होते, त्यातून गोळी सुटलीच नसती. मी चक्र पुसून परत बसवलं.

ठाण्यात पोचलो तेव्हा अंमलदार आवराआवर करत होते. मी रिव्हॉल्व्हर टेबलावर ठेवलं आणि रिकामं दाखवायला पिनेला हात घातला.

"परवाना कुणाच्या नावावर?"

"वडिलांच्या."

"मग तू हात काढ. त्यांना दाखवू दे. स्वतःचं हत्यार उघडता येत नसंल तर तसं लिहितो."

आण्णांनी ते उचललं. आधी घोडाच ओढला. मग भलताच स्क्रू दाबला. त्यांच्या बोटांची पेरं जाड, खटका बारीक. मला दिसत होतं कुठं दाबायचं ते. तोंड उघडलं, तर अंमलदारांनी माझ्याकडे बघितलं. मी हात मागं घेतले आणि बोटं एकमेकांत घट्ट अडकवून ठेवली. आण्णा एकदा माझ्याकडे वळले, तेव्हा मला त्यांचा इतका राग आला की मी भिंतीकडे बघू लागले.

कितीतरी वेळानं टक् असा आवाज आला. चक्र त्यांच्या तळहातावर होतं. अंमलदारांनी ते उजेडाकडे धरून आरपार बघितलं आणि पावती फाडली.

"परत न्यायला याल तेव्हा भरायचं बी शिकून या," ते म्हणाले.

बाहेर गाडीला किक मारताना आण्णा म्हणाले, "तू सांगितलं असतंस तर लवकर झालं असतं."

"तुम्हालाच करायचं होतं ते."

"व्हय, पण खुणवायचं तरी."

"आण्णा, परत आणल्यावर मी हात लावणार नाही. भरायचंही तुम्ही, काढायचंही तुम्ही."

त्यांनी पावती खिशातून काढून पुन्हा एकदा बघितली, घडी घालून आत ठेवली.

"बस मागं," म्हणाले. "बघू."